अण्णांची कर्णफुलं

भोपाळला आमच्या कॉलनीत कधी आलात आणि समोरून अण्णा पांढरीपांडे आले, तर त्यांना नमस्कार करू नका. ते हात वर करून तुम्हाला जागच्या जागी उभं करतील, "थांबा! बोलतंय!" असं ओरडतील आणि तुमच्या पायांकडे संशयाने बघतील. तुमच्या चपलेला एखादा खिळा असेल तर संपलंच. चपला काढून घेतल्याशिवाय ते तुम्हाला पुढे जाऊ देणार नाहीत.

अण्णांच्या कानांवर दोन काळे डबे असतात. त्यांना ते 'कर्णफुलं' म्हणतात. खांद्याला मिलिटरीची खाकी पिशवी, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला परातीएवढी तबकडी, आणि या सगळ्याखाली स्वच्छ धुतलेलं धोतर आणि अनवाणी पाय. युद्धात जमिनीत पेरलेले सुरुंग शोधायला सैनिक जे यंत्र वापरत, ते हे यंत्र. आमच्या कॉलनीत युद्ध झालेलं नाही. खात्याच्या कंत्राटदाराने बांधकाम केलं आहे, पण दिसायला ते सारखंच आहे.

अण्णा वेडे नाहीत. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण निम्म्या कॉलनीचं मत वेगळं आहे आणि ते मत चुकीचं आहे.

मी कुंदा, त्यांच्याच गल्लीतली. मी पत्रकं लिहिते. राज्यांची फेररचना झाली, कुणीतरी नकाशावर रेघ ओढली, आणि नागपूरची अख्खी कचेरी फायलींसकट, टाइपरायटरांसकट आणि कारकुनांच्या बायकामुलांसकट आगगाडीत भरून भोपाळात आणून ओतली. फायलींना नवी कपाटं मिळाली. आम्हाला क्वार्टर मिळाले, पण त्यांना सांडपाण्याची नाली नव्हती. मोरीतलं पाणी मागच्या दाराने निघून मैदानात तळं करत असे. याचा मी तेव्हाही निषेध केला, आजही करते. मी पत्रकं काढली, सह्या गोळा केल्या आणि शेवटी, नाली कुठून कुठे गेली पाहिजे हे साहेबांना खिडकीतून दिसावं म्हणून मैदानात चुन्याची लांबलचक रेघ मारायचं ठरवलं.

अण्णा बांधकाम खात्यात नकाशे काढतात. त्यांनी माझा आराखडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पुढारीणबाई, मागणी बरोबर आहे, उतार उलटा आहे. अशी नाली केली तर सगळं पाणी साहेबांच्या बंगल्यात जाईल."

"मग असाच राहू द्या."

"नाही बाप्पा. उतार म्हणजे उतार."

आणि त्यांनी स्वतः चुन्याची फक्की घेऊन, दोरी लावून, नेमक्या उताराची रेघ मारून दिली. सही मात्र केली नाही. सरकारी नोकर! रेघ पांढरी शुभ्र पडली, खातं ढिम्म हललं नाही. ही रेघ लक्षात ठेवा.

आता आक्कांविषयी. आक्का म्हणजे अण्णांची बायको. त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. नागपुरात हे कोणाला फारसं कळतही नसे, कारण आक्का समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखत. भाजीवाला, शेजारीण, कीर्तनकार, सगळे त्यांना पाठ होते. भोपाळात आल्यावर सगळे ओठ हिंदी निघाले. दूधवाला ओसरीवर उभा राहून काहीतरी म्हणे आणि आक्का त्याच्या तोंडाकडे बघत राहत. एकदा त्याने "कल नहीं आऊँगा" म्हटलं आणि आक्कांनी मोठं पातेलं आणून ठेवलं. बायका हसल्या. तेव्हापासून आक्का बाहेर यायच्या कमी झाल्या.

आणि मग जोडवं हरवलं. मागच्या दारी कपडे वाळत घालताना आक्कांच्या पायाच्या बोटातलं एक जोडवं गळून पडलं. कुठे, कधी, पत्ता नाही. लग्नातलं चांदीचं जोडवं. मी म्हटलं, "आक्का, नवं आणू."

आक्कांना आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही, त्यामुळे त्यांचं दुःखसुद्धा सगळ्या गल्लीला ऐकू जातं. त्या म्हणाल्या, "पडलं ते मला ऐकू आलं नाही, कुंदे! पायातलं पडलं, दगडावर वाजलं असेल, आणि मला ऐकू आलं नाही!"

त्यांनी उघड्या बोटाला हळदीत बुडवलेला दोरा बांधला आणि ट्रंक भरायला घेतली. नागपूरला बहिणीकडे कायमचं जायचं. अण्णांनी पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी मोठमोठे ओठ करून म्हणाले, "एका जोडव्याने माहेरच्या माणसांत जाशील? लोक काय म्हणतील? सापडेपर्यंत तरी थांब."

आक्कांनी विचार केला. "सापडलं की दुसऱ्या दिवशी गाडी," त्या म्हणाल्या आणि भरलेली ट्रंक दाराशी ठेवून तिच्यावर बसल्या.

म्हणजे पेच बघा. जोडवं सापडलं की बायको जाणार. माझ्यासारखीने सल्ला दिला असता, स्वस्थ बसा. पण अण्णा त्याच रविवारी मला घेऊन जवाहर चौकात गेले. यंत्र घ्यायला.

तिथे मुन्ने मियाँ म्हणून एक जण डिस्पोजलचा माल विकत. युद्धात उरलेलं सगळं त्यांच्याकडे मिळे: तंबू, पाण्याच्या बाटल्या, एकाच पायाचे बूट. जमीन तपासायची यंत्रंही होती, तीन. अण्णांनी मला सोबत नेलं होतं हिंदी बोलायला, आणि स्वतःच सगळं बोलले.

"को खाँ, ये देखो," मुन्ने मियाँ पहिलं यंत्र उचलून म्हणाले, "एकदम हल्की. लोहा आया कि ये काँटा हिला. न शोर, न शराबा."

"काटा नको," अण्णा म्हणाले. "बोलणारं पाहिजे. बोलनेवाला मंगता."

दुसरं बोलणारं होतं. अण्णांनी कर्णफुलं कानाला लावली, तबकडी तराजूवर धरली, मान हलवली. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. कर्णफुलं काढून हात लांब केला आणि तेवढ्या अंतरावरून ऐकू येतं का ते बघायला लागले. नाही आलं. यंत्र नापास.

तिसरं यंत्र एका कोपऱ्यात गोण्यांखाली होतं. जड, गंजकं, एका बाजूने चेपलेलं. मुन्ने मियाँनी ते सुरू केलं मात्र, कर्णफुलं फळीवर पडलेली असूनही दुकानभर अशी किंकाळी उठली की बाहेर उभ्या टांग्याचं घोडं बिथरलं.

"ये रद्दी है खाँ," मुन्ने मियाँ कानात बोटं घालून ओरडले. "इसका पुर्ज़ा बिगड़ा है, चिल्लाती भोत है. कान फट जाएँगे. बहरे हो क्या?"

अण्णांनी पैसे काढले. "हाँ," ते म्हणाले. "बहरा है हम."

मी बघतच राहिले. हा माणूस तीन घरांपलीकडे मी सह्यांचा कागद उलगडला तर त्याचा आवाज ऐकून मागल्या दाराने पळून जातो! वर त्या चेपलेल्या यंत्राचे पैसे देताना घासाघीससुद्धा केली नाही. बिघडलेला माल सरळसरळ गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधण्याच्या व्यापारी वृत्तीवर मी परतीच्या वाटेत बोलले ते अण्णांनी ऐकलं नाही, कारण त्यांनी कर्णफुलं घातली होती आणि टांग्याच्या चाकाशी त्यांचं बोलणं चाललं होतं.

मग शिक्षण सुरू झालं. अण्णांनी आक्कांचं दुसरं जोडवं तासाभरासाठी मागून घेतलं, ते मातीत पुरलं आणि त्याच्यावरून तबकडी फिरवून आवाज घोकायला लागले. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे खिळा गुरगुरतो, पत्रा भुंकतो, तार कण्हते आणि चांदी हुंकार देते. मला विचाराल तर सगळं एकाच आवाजात बोंबलतं. पण अण्णा डोळे मिटून सांगत, "खिळा. खिळा. घमेल्याचा कान. खिळा." आणि खणलं की खिळाच निघे. कंत्राटदाराने क्वार्टरांना जेवढे खिळे मारल्याचं बिल लावलं होतं, ते सगळे मैदानातच होते. हा मुद्दा मी पुढच्या पत्रकात घेतला.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे मात्र यंत्राला काहीतरी झालं. अण्णा उभ्याने तबकडी फिरवत, तेव्हा ते गप्प असे. कुठे शंका आली आणि नीट बघायला वाकले की किंचाळायला लागे. खणलं की काही नाही. चार पावलं पुढे जाऊन वाकले, की पुन्हा किंकाळी. पुन्हा काही नाही. अण्णांनी मैदानाची चाळण केली. "सगळीकडे आहे!" ते घाम पुसत म्हणाले. "पुढारीणबाई, या भोपाळच्या खाली एक अखंड धातूचा पत्रा आहे!"

मी म्हटलं, खात्याला कळवू, भूगर्भवाले बोलावू. मी मजकूरसुद्धा मनात जुळवायला घेतला.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला. आक्का! खिडकीचे गज धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांना किंकाळी ऐकू येत नव्हती, पण दिसत सगळं होतं. त्यांनी बोट अण्णांच्या पोटाकडे केलं. ऊन वाढल्यापासून अण्णा सदरा काढून उघडेच शोधत. जानव्याला कपाटाची किल्ली बांधलेली. अण्णा वाकले की जानवं पुढे लोंबे आणि ती वीतभर लोखंडी किल्ली थेट तबकडीवर डुलायला लागे.

"स्वतःलाच खणून राहिले!" आक्का खिडकीतून गरजल्या. "कपाट सापडेल आता!"

सगळी गल्ली हसली. अण्णा सगळ्यांत जास्त हसले. किल्ली त्यांनी कमरेला मागे खोचली आणि मग हळूच मला म्हणाले, "किती दिवसांनी हसली, पाहिलं का?"

पण ट्रंक दाराशी होतीच.

आणि मग तो सुरुंगाचा रविवार उजाडला. अण्णा मैदानात होते. एक टांगेवाला टांगा थांबवून उतरला. "क्या ढूँढ रिये हो खाँ?"

बायकोच्या पायातलं जोडवं शोधतोय, असं परक्या पुरुषाला सांगणं अण्णांना प्रशस्त वाटेना. म्हणून त्यांनी यंत्राचीच माहिती दिली, आपल्या हिंदीत: "यह यंत्र सुरुंग ढूँढता है."

आता आपल्याकडे सुरुंग म्हणजे दारू ठासून उडवायचा. खाणीत लावतात, लढाईत पेरतात. भोपाळच्या बाजारात विचाराल तर सुरंग म्हणजे भुयार. आणि भोपाळात ज्याला त्याला ठाऊक आहे की बेगमांच्या काळात या महालातून त्या महालात भुयारं होती, आणि त्यातल्या एकात, कुठल्या ते कुणालाच माहीत नाही, हिऱ्यामोत्यांचे पेटारे ठेवून तोंड बुजवलेलं आहे. टांगेवाल्याने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा अण्णांच्या गंभीर तोंडाकडे पाहिलं, आणि मग त्याची नजर गेली मैदानावरच्या पांढऱ्या शुभ्र, सरळसोट, सरकारी नोकराने दोरी लावून आखलेल्या रेघेवर.

"अमाँ," तो पुटपुटला, "नक्शा भी निकाल लिया!"

दुपारपर्यंत मैदानात जत्रा भरली. कुदळी आल्या, फावडी आली, सोबत चहाची किटली आली. जवाहर चौकातून मुन्ने मियाँ आले आणि 'मशीन हमने दी है' असं ज्याला त्याला सांगत सुटले. अण्णा माणसामाणसाला धरून समजावत होते, "सुरंग नहीं, सुरुंग! सु-रुं-ग!" आणि माणसं डोळे मिचकावून म्हणत होती, "समझ गए खाँ, किसी से नहीं कहेंगे." जितकं समजावावं तितके लोक वाढत. माणसं रेघेवर ओळीने उभी राहिली आणि खणायला लागली. मीही एका उलट्या घमेल्यावर चढून भाषण केलं, की बंधूंनो, हे भुयार नव्हे, ही नालीची मागणी आहे. कोणी ऐकलं नाही. एकाने फक्त विचारलं, "बीबी, कितना गहरा खोदना है?"

मी घमेल्यावरून खाली उतरले. मग सांगितलं, "कमर तक. ढाल का ध्यान रखना."

अण्णांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, मग खड्ड्याकडे पाहिलं, आणि त्यांच्यातला नकाशेवाला जागा झाला. "अरे, उधर थोडा और नीचे!" ते ओरडले. "उतार! उतार संभालो!"

ऊन कलेपर्यंत नाली तयार होती. इकडच्या टोकापासून तिकडच्या ओढ्यापर्यंत, खात्याला जी इतक्या अर्जांनी सुचली नाही ती, उतारासकट. भुयार निघालं नाही म्हणून लोक थोडे खट्टू झाले. पण मोरीच्या पाण्याचं तळं भसाभसा वाहत ओढ्याकडे निघालं तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्यांनी खणलं त्यांनीही वाजवल्या. मी आयुष्यात एवढा यशस्वी लढा दिलेला नाही.

लोक पांगले. अण्णा एकटेच मागच्या दाराजवळ उपसलेल्या मातीच्या ढिगावरून तबकडी फिरवत होते. एकाएकी ते थबकले. "बोलतंय," असं या वेळी ओरडले नाहीत, पुटपुटले. मातीत बोटं घातली. मी जवळ गेले तर तळहातावर जोडवं. मातीने भरलेलं, पण तेच. त्यावर कोरलेला मासा झिजलेला, दुसऱ्यासारखाच.

"सापडलं!" मी आक्कांना बोलवायला पळणार, तोच अण्णांनी माझा दंड धरला.

"चूप!"

"चूप काय? आक्कांना सांगा ना!"

अण्णांनी मूठ मिटली, जोडवं पाण्याने धुतलं, धोतराच्या सोग्याला पुसलं. मागच्या दाराशी, कपड्यांच्या दोरीखाली गेले. खाली बसले. बोटाने मऊ मातीत एक खळगी केली, जोडवं तिच्यात ठेवलं, वरून माती सारली आणि तळव्याने थोपटली.

माझ्या अंगाची आग झाली. मी स्पष्टच विचारलं, "सापडलं की आक्का नागपूरला जातील, म्हणून पुरताय ना? हा धडधडीत अन्याय आहे, अण्णा. बायकोला जायचं असेल तर तिला अडवायचा तुम्हाला हक्क नाही. मी याच्यावर पत्रक काढीन!"

"काढ," अण्णा म्हणाले. गुडघ्यांवर हात टेकून उठायला त्यांना वेळ लागला. "जायचं तर जाईल ती. मी स्वतः गाडीत बसवून देईन. पण कुंदे, पडताना तिला ऐकू आलं नाही. निदान सापडताना तरी ऐकू येऊ दे."

मला आठवली ती फळीवर पडून किंचाळणारी कर्णफुलं, आणि हात लांब करून ऐकणारे अण्णा. हाँ, बहरा है हम.

अण्णा आत गेले आणि आक्कांना ट्रंकेवरून उठवून घेऊन आले. "मी दमलो," ते मोठे ओठ करून म्हणाले. "तू बघ जरा."

"मी काय बघू? मला मेलीला..."

"बघ तर."

कर्णफुलांची पट्टी आक्कांच्या अंबाड्यावर बसेना. अण्णांनी अंबाडा थोडा खाली सरकवला, बटण शेवटपर्यंत फिरवलं, दांडा त्यांच्या हातात दिला आणि स्वतः दूर जाऊन, पाठमोरे, नव्या नालीकडे बघत उभे राहिले. पाठीमागे हातांची बोटं एकमेकांत पिळत होते.

आक्कांनी तबकडी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. त्यांच्या तोंडावर आता ओळखीचा कंटाळा यायला लागला होता. दोरीखालून एक पाऊल पुढे टाकलं, आणि त्या थांबल्या.

"आई गं!"

तबकडी बाजूला नेली. पुन्हा आणली. बाजूला नेली, पुन्हा आणली. एक हात कानावरच्या डब्यावर घट्ट दाबून धरला होता, जसं काही तो आवाज सांडेल. खणायचं त्यांना सुचतच नव्हतं. मी शेवटी खुणेने सांगितलं तेव्हा त्या खाली बसल्या, जोडवं काढलं, पदराला पुसलं, बोटाचा हळदीचा दोरा तोडला आणि ते घालून पाय पुढे करून पाहिला. मग उठून दोन्ही पायांवरून तबकडी फिरवली. दोन्ही बोलले. आक्का हसल्या.

अण्णा अजून पाठमोरेच होते. मला वाटतं, ते गाडीच्या वेळा आठवत असावेत.

आक्का कर्णफुलं न काढताच, ट्रंक ठेवलेल्या दाराकडे पाठ करून त्यांच्याकडे निघाल्या, तबकडी पुढे धरून, मातीतून, खिळ्यांवरून, पावलागणिक थबकत. अण्णांच्या पाठीशी येऊन त्यांनी तबकडी वर उचलली, कमरेला मागे खोचलेल्या किल्लीपर्यंत. अण्णा वळायला गेले तसा आक्कांनी हात वर केला.

"थांबा!" त्या गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "अहो, तुम्ही बोलून राहिले!"